अर्धा, पाव आणि आपला हिस्सा



जालन्याच्या मोंढ्यात पाच मिनिटे नुसते कान उघडे ठेवून उभे राहा. कुणी म्हणतो, "तूर सव्वादोन क्विंटल भरली." कुणी म्हणतो, "एसटी पावणेपाचला आहे." तिसरा चहावाल्याला हाक मारतो, "दोन अर्धे दे रे." यांतल्या एकालाही आपण गणित बोलतो आहोत असे वाटत नाही. सव्वा, दीड, पावणे, अडीच, साडे हे शब्द लहानपणापासून तोंडात बसलेले. पण संध्याकाळी घरी पोरगी पुस्तक उघडते, "३/४ आणि २/३ यांची बेरीज करा" असे वाचते, आणि मोंढ्यातला तोच जाणता माणूस म्हणतो, "ते तुझ्या गुरुजींना विचार, बाई."

आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की पुस्तकातला अपूर्णांक आणि मोंढ्यातला सव्वा-दीड ही दोन गणिते नव्हेत. गणित एकच, एक बोलण्याचे, एक लिहिण्याचे. आणि लिहिण्याचे जे आहे ते येणे अगत्याचे आहे. कारण आज ना उद्या प्रत्येक घरात एक कागद येतो. वाटणीचा येतो, खरेदीचा येतो, नाही तर विहिरीतल्या हिश्शाचा येतो. त्यावर "१/३ हिस्सा", "१/१२ हिस्सा" असे लिहिलेले असते. ज्याला ते वाचता येते तो चार प्रश्न विचारून सही करतो. ज्याला येत नाही तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून अंगठा लावतो.

तर अपूर्णांक म्हणजे काय ते आधी पाहू. त्यात दोन आकडे असतात. खालचा तो छेद, वरचा तो अंश. एका भाकरीचे चार सारखे तुकडे केले आणि त्यांतले तीन ताटात घेतले, तर ३/४ भाकरी झाली. खालचा चार सांगतो, तुकडे किती केले. वरचा तीन सांगतो, घेतले किती. इथे "सारखे" हा शब्द विसरू नका. आपल्या जालना जिल्ह्याचे आज आठ तालुके आहेत: जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन आणि जाफराबाद. मग अंबड तालुका म्हणजे जिल्ह्याचा १/८ असे म्हणता येईल का? नाही. तालुके आठ खरे, पण ते एकसारखे नाहीत. आठ माणसांच्या घरातही जेवण प्रत्येकी १/८ लागत नाही. तुकडे सारखे नसतील तर नुसती मोजदाद होते, अपूर्णांक होत नाही.

दुसरी गोष्ट, छेद जितका मोठा तितका तुकडा लहान. मुले हटकून चुकतात ती इथे. आठ हे सहापेक्षा मोठे, म्हणून १/८ हा १/६ पेक्षा मोठा, असे त्यांना वाटते. अशा वेळी फळ्याकडे न जाता भाकरीकडे जावे. एकच भाकरी सहा जणांत वाटली तर तुकडा मोठा येईल, की आठ जणांत वाटली तर? पोर लगेच सांगते.

तिसरी गोष्ट जरा गमतीची आहे. आडवी किंवा तिरपी रेघ दिसली म्हणजे तो अपूर्णांकच, असे नव्हे. आपला सातबारा ७/१२ असाच लिहितात. पण त्याचा अर्थ बारांतले सात भाग नव्हे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन नमुने एका कागदावर आले, म्हणून तो सातबारा. त्या सातबाऱ्याच्या आत जो "१/३" लिहिलेला सापडेल, तो मात्र खरा अपूर्णांक.

आता बेरीज. समजा, एका विहिरीवर तिघांची पाळी आहे. मोटर दिवसातून बारा तास चालते. थोरल्याचा हिस्सा १/२, मधल्याचा १/३, आणि उरलेला धाकट्याचा. थोरल्या दोघांचा मिळून हिस्सा किती? शाळेतले पोर वरच्याला वरचा मिळवते आणि खालच्याला खालचा. एक आणि एक दोन, दोन आणि तीन पाच, उत्तर २/५. हे चूक आहे हे नियम न सांगताही दाखवता येते. २/५ म्हणजे निम्म्याहून कमी. एकट्या थोरल्याकडेच निम्मे पाणी होते. त्यात मधल्याची भर पडल्यावर ते निम्म्याहून कमी कसे होईल? भर घातल्याने कधी कमी होते काय?

चूक कशी झाली? निम्मा हा तुकडा मोठा, तिसरा हिस्सा हा तुकडा त्याहून लहान. मापे निराळी, आणि आपण ती एका रांगेत मोजली. पोत्यात आणि पायलीत मोजलेले धान्य तसेच एकत्र मोजता येत नाही. आधी दोन्ही किलोवर आणावे लागते. तसेच इथे. दोघांचे हिस्से तासांवर आणा. बाराचे निम्मे सहा तास, बाराचा तिसरा हिस्सा चार तास. मिळून दहा तास, म्हणजे १०/१२. दोन्ही आकड्यांना दोनाने भाग जातो, म्हणून ५/६. धाकट्यासाठी राहिले दोन तास, म्हणजे १/६. पुस्तकात यालाच "समच्छेद करणे" असे भारदस्त नाव आहे. अर्थ एवढाच, की आधी तुकडे सारखे करा, मग मोजा. बाराऐवजी सहा भाग केले असते तरी चालले असते, कारण सहालाही दोनाने आणि तिनाने भाग जातो. असा लहानात लहान आकडा शोधणे म्हणजेच लसावि काढणे.

जुन्या माणसांना हिस्सा आण्यांत सांगितला की चटकन कळत असे. रुपयाचे आणे सोळा, म्हणून सबंध मिळकत सोळा आणे. आठ आणे म्हणजे निम्मा, चार आणे म्हणजे पाव, बारा आणे म्हणजे पाऊण. आपल्याकडे निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले, त्याच्याही रुपयाचे आणे सोळाच. आठ आणे आणि चार आणे मिळून बारा आणे. सगळ्यांचा छेद सोळा, तेव्हा समच्छेदाचे काम टाकसाळीनेच करून ठेवलेले. अडचण यायची ती तिघांच्या वाटणीत, कारण सोळाचे तीन सारखे भाग होत नाहीत. पण आण्याच्या बारा पै असत, रुपयाच्या १९२. त्यांचा तिसरा हिस्सा ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै, बिनचूक.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैसे पीक म्हणजे निम्मे पीक. बाकीचा हिशोब सोपा झाला, पण शंभराचे तीन सारखे भाग पडत नाहीत. तिघांना ३३-३३ पैसे दिले तरी एक उरतोच. म्हणून वाटणीच्या कागदावर ०.३३ लिहू नये, १/३ लिहावे. एका हेक्टरातून तीन वेळा ०.३३ काढले तर एक आर, म्हणजे साधारण एक गुंठा जमीन, कागदावर बेवारस राहते. बांधाच्या भांडणाला एक गुंठा पुरेसा असतो.

वजाबाकीला नवा नियम नाही. तुकडे सारखे करा आणि काढून टाका. उलट आपल्या भाषेतच वजाबाकी भरलेली आहे. पावणेदोन म्हणजे दोनला पाव कमी. आता साडेपाच एकर रान आहे, त्यातल्या पावणेदोन एकरांत कापूस लावला. सोयाबीनला किती राहिले? तोंडी असे करावे: साडेपाचातून सबंध दोन काढले, राहिले साडेतीन. पाव जास्त काढला होता, तो परत दिला. पावणेचार एकर. हेच कागदावर ११/२ वजा ७/४, म्हणजे २२/४ वजा ७/४, उत्तर १५/४. पंधरा पावांचे पावणेचार झाले. गुंठ्यांनी पडताळा पाहा. एकराचे गुंठे ४०. साडेपाच एकर म्हणजे २२० गुंठे, पावणेदोन एकर म्हणजे ७०. राहिले १५०, म्हणजे ३ एकर ३० गुंठे. तीन वाटांनी गेलो आणि एकाच गावी पोचलो.

इथे एक धोका सांगून ठेवतो. पाच एकर वीस गुंठे हे पुष्कळ जण कागदावर ५.२० असे मांडतात. हे मांडणे चालते, पण तो टिंब दशांशाचा नव्हे. मोबाईलच्या गणकयंत्रात ५.२० मारले, तर यंत्र ते पाच पूर्णांक दोन दशांश असे वाचते. एक एकराचे दोन दशांश म्हणजे आठ गुंठे. तुमच्या वीस गुंठ्यांचे आठ झाले. बारा गुंठे बोटाच्या एका टोकाने गेले! यंत्रात घालायचे तर ५.५ घालावे. हेक्टर आणि आर यांत मात्र ही भीती नाही, कारण हेक्टराचे आर शंभर. १ हेक्टर २० आर म्हणजे १.२० हेक्टरच. तेव्हा टिंबाच्या पुढे गुंठे आहेत की आर, ते आधी विचारा.

आता गुणाकार. "अपूर्णांकाने गुणले तर उत्तर लहान का येते? गुणले म्हणजे वाढले पाहिजे ना?" असे मुले विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. आपल्या बोलीत "चा, ची, चे" हाच अपूर्णांकाचा गुणाकार. निम्म्याचा पाव म्हणजे १/२ गुणिले १/४. हिश्शाचा हिस्सा घेतला तर तो लहान होणारच. दीडशे म्हणतो तेव्हा आपण शंभराला दीडाने गुणतो, अडीचशे म्हणतो तेव्हा अडीचाने. दीड एकापेक्षा मोठा म्हणून शंभर वाढले. पाव एकापेक्षा लहान म्हणून शंभराचा पाव पंचवीसच. पूर्वी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. ते सारे अपूर्णांकांच्या गुणाकाराचे पाढेच होते.

गुणाकाराचा नियम शेतात दिसतो. जमिनीवर काठीने चौकोनी शेत काढा. उभ्या रेघांनी त्याच्या तीन सारख्या पट्ट्या करा. आता आडव्या रेघांनी चार भाग करा. किती वाफे झाले? तीन चोक बारा. म्हणून छेदाला छेदाने गुणायचे. शेताच्या २/३ भागात कापूस आहे, त्यातल्या ३/४ कापसावर बोंडअळी पडली. दोन पट्ट्यांतले तीन-तीन वाफे, म्हणजे सहा वाफे. म्हणून अंशाला अंशाने गुणायचे. ६/१२, म्हणजे निम्मे शेत.

हेच वारसाहक्काला लावा. सहा एकर जमीन, दोन भाऊ आणि एक बहीण. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. कोण वारस आणि कुणाचा हक्क किती, ते कायदा ठरवतो. प्रत्येकी १/३ ठरला असे धरून चालू. पुढे एका भावाच्या हिश्शाला चार वारस लागले. एकेकाचा हिस्सा १/३ चा १/४, म्हणजे १/१२. सहा एकरांचे गुंठे २४०, त्यांचा बारावा भाग २० गुंठे. "तुमचा चौथा हिस्सा आहे" एवढेच कुणी म्हणाले, तर विचारा, "कशाचा चौथा?" सबंध सहा एकरांचा चौथा म्हणजे ६० गुंठे, आणि एका हिश्शाचा चौथा म्हणजे २०. शब्द तोच, जमीन तिप्पट.

हिश्शाच्या हिश्शाला फसू नये, ही शिकवण जुनी आहे. भास्कराचार्यांनी सन ११५० मध्ये "लीलावती" लिहिली. चाळीसगावजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. आपल्या पोरांच्या पुस्तकातले अंश आणि छेद हे शब्द लीलावतीतही आहेत. तिच्यात एका कंजुषाचे उदाहरण आहे. त्याने याचकाला एका द्रम्माच्या निम्म्याच्या दोन तृतीयांशाचा पाऊण, त्याचा पाचवा, त्याचा सोळावा आणि त्याचाही चौथा भाग दिला. ऐकताना वाटते, केवढे दान! गुणून पाहा. १/२, २/३ आणि ३/४ यांचा गुणाकार १/४. त्याचा पाचवा १/२०, त्याचा सोळावा १/३२०, त्याचा चौथा १/१२८०. आणि त्या काळच्या कोष्टकात वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या कवड्या १२८०. एवढे लांबलचक दान झाले ते एका कवडीचे!

राहिला भागाकार. "दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा" हा नियमही लीलावतीत आहे. मुले तो पाठ करतात, पण उलटा का करावयाचा ते त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून दूध घ्या. घरी सहा लिटर दूध निघते, आणि घरोघरी पाऊण लिटरचा रतीब आहे. किती घरे होतील? म्हणजे सहात पाऊण किती वेळा बसतो? आधी सारे दूध पावशेरी मापासारखे पाव-पाव लिटरमध्ये मोजा. एका लिटरचे चार पाव, सहाचे चोवीस. हा झाला चाराने गुणाकार. प्रत्येक घराला तीन पाव, म्हणून चोवीसला तिनाने भाग. घरे आठ. चाराने गुणले, तिनाने भागले. ३/४ चा ४/३ झाला तो असा. उलटा करणे म्हणजे जादू नव्हे. खालच्या आकड्याने तुकडे केले, वरच्याने त्यांची टोळकी बांधली.

आता थोडे अवघड. संध्याकाळी दूध अडीच लिटरच निघाले. अडीच लिटर म्हणजे दहा पाव. तीन-तीन पावांचे तीन रतीब झाले आणि एक पाव उरला. नियमाने उत्तर येते १०/३, म्हणजे तीन पूर्णांक १/३. मुले म्हणतात, "१/३ लिटर उरले." नाही. उरले पाव लिटर. तो १/३ आहे रतीबाचा, लिटरचा नव्हे. तीन पावांच्या रतीबातला एक पाव. भागाकारातही तोच प्रश्न: कशाचा?

गुरुजनहो, आपल्याला दोन विनंत्या. एक, उत्तर काढण्यापूर्वी अंदाज विचारावा: "निम्म्याहून जास्त येईल की कमी? एकाहून जास्त की कमी?" ज्या मुलाला ही सवय लागते ते २/५ लिहून मोकळे होत नाही. दुसरी, प्रत्येक प्रकाराचे एक तरी उदाहरण मुलांना घरून आणावयास सांगावे. कुणाकडे मोसंबीची बाग असेल, कुणाकडे बटईचे रान, कुणाच्या आईकडे भिशीचा हिशोब. कागदाची घडी घालून चौथे, आठवे, सोळावे भाग दाखवता येतात. त्याला पैसा लागत नाही.

आणि मंडळी, शेवटी एक कागद तुमच्यासमोर ठेवतो. तिघांत वाटणी लिहिली आहे: एकाला १/२, दुसऱ्याला १/३, तिसऱ्याला १/४. ऐकायला किती सुरेख! थोरल्याला निम्मे, मधल्याला तिसरा, धाकट्याला पाव. कुणी उपाशी नाही. आता तुकडे सारखे करा. बारा भागांतले सहा, चार आणि तीन. बेरीज तेरा. जमीन बारा गुंठे, आणि वाटले तेरा! हा तेरावा गुंठा कुणाच्या बांधातून निघणार, ते कागद लिहिणाऱ्याला विचारावे लागेल.

म्हणून हिश्शाचा कोणताही कागद पुढे आला तर तीन गोष्टी पाहा. हा हिस्सा कशाचा, सबंधाचा की दुसऱ्या हिश्शाचा? सगळ्यांचे हिस्से मिळवले तर बरोबर एक भरतो का? आणि माझ्या हिश्शाचे गुंठे किंवा आर काढले तर कागदावरच्या आकड्याशी जुळतात का? हे तिन्ही तपासायला पाचवी-सहावीचे गणित पुरते. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या पोरीला पाटी घेऊन शेजारी बसवा. तिने बेरीज करून एक भरला असे सांगितले, की मग सही करा.